अण्णांचं क्रिएटिनिन १.८ आलंय, किडनी गेली का?

प्रश्न : डॉक्टर, राम कृष्ण हरी. मी चाकणला कंपनीत कामाला आहे, आई-वडील गावी, खेड तालुक्यात. अण्णांचं वय ६१. शेती करतात, माळकरी आहेत. आठ वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाईड एकत्र असलेली. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा शुगर ‘बॉर्डरवर’ आहे म्हणाले होते, पुढे कुणी पाहिली नाही. यंदाही ते आळंदी ते पंढरपूर पायी गेले. दिवेघाटात गुडघे सुजले. तेव्हापासून दिंडीतल्या एकाने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेत होते. फलटणला दोन दिवस जुलाब झाले, तरी चालले. घरी आल्यावर आठवड्याभराने गावात तपासणी शिबिर होतं, त्यात क्रिएटिनिन १.८ आलं. शिबिरातल्या मुलाने ‘किडनीच्या डॉक्टरला दाखवा’ एवढंच सांगितलं. तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. आईने डाळ बंद केली. चुलते म्हणतात रोज पाच लिटर पाणी प्या. ओळखीतला एक जण साडेतीन हजारांची पावडर आणून देतो म्हणतोय, महिन्यात क्रिएटिनिन ०.९ वर येतं म्हणे. एकाने तर डायलिसिसचा हिशेबही करून दिला. अण्णा म्हणतात, मला काही होत नाहीये. गुडघा दुखला की अजून अधूनमधून तीच गोळी घेतात. डॉक्टर, किडनी गेली का? गरज पडली तर मी माझी द्यायला तयार आहे.

राम कृष्ण हरी.

गुडघा दुखला की अजून तीच गोळी घेतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथेच थांबले. पुढचं वाचण्याआधी गावी फोन लावा आणि ती गोळी बंद करायला सांगा. आज, आत्ता. गोळ्यांची पट्टी मात्र फेकू देऊ नका.

तुमची किडनी तूर्त तुमच्याकडेच राहू द्या. किडनी गेली का, हे एका आकड्यावरून मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही जी हकिकत लिहिलीत तिच्यावरून मला वाटतं, अण्णांच्या किडनीला यंदाच्या वाटेत मार बसलाय. असा मार वेळेत लक्षात आला तर बराचसा भरून निघतो, कित्येकदा पूर्णही. त्याच्याखाली एखादं जुनं दुखणं दडलंय का, हे मात्र शोधायला हवं, कारण आठ वर्षांचं बीपी आणि न तपासलेली शुगर या दोन्ही गोष्टी किडनीच्या मुळावर उठणाऱ्याच आहेत.

आधी हे क्रिएटिनिन काय आहे ते बघू. लोक त्याच्याबद्दल विष असल्यासारखं बोलतात. ते तसं नाही. आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्यातला थोडा रोज झिजतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं, रोज साधारण तेवढंच. किडनी ते गाळून लघवीत सोडते. चुलीतल्या राखेसारखं समजा. रोज सारखाच स्वयंपाक, रोज सारखीच राख. एक दिवस चुलीत ढीग दिसला तर राखेला दोष देऊन काय होणार? राख भरणारं माणूस आलं नाही की त्याचं काम मंदावलं, ते बघायचं.

१८३२ साली शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या रश्श्यात हे क्रिएटिन पहिल्यांदा सापडलं. ग्रीकमध्ये मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. माहितीसाठी नुसतं सांगत नाहीये. शिजवलेलं मांस भरपूर खाऊन लगेच रक्त दिलं तर हा आकडा थोडा वर जातो, किडनी धडधाकट असली तरी. माझंच सांगते. एका आखाडात रात्री मटणावर यथेच्छ ताव मारला आणि सकाळी कसल्याशा विम्याच्या तपासणीसाठी हात पुढे केला. १.२ आलं. आठ दिवसांनी ०.९. तेवढे आठ दिवस डॉक्टर असूनही मी काय काय मनात आणलं ते विचारू नका. जिमला जाणारी पोरं क्रिएटिनची पावडर खातात, त्यांचंही असंच वाढलेलं दिसतं. अण्णा माळकरी आहेत, तेव्हा मटणाचा संशय इथे फिटला. जिमचा प्रश्नच नाही.

रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर कंसात ०.७ ते १.३ असं काहीतरी छापलेलं असेल. त्या कंसावर फार विसंबू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून तालमीतल्या पैलवानाचं जास्त असणारच आणि वाळलेल्या आजीचं कमी. १.२ हाच आकडा घ्या. पंचविशीतल्या पोराला १.२ असेल तर त्याच्या किडनीची गाळण, म्हणजे रक्त गाळण्याचा वेग, ८६ च्या आसपास निघते, म्हणजे काळजी नाही. सत्तरीतल्या बाईला तोच १.२ असेल तर गाळण ४९ वर आलेली असते. एकच आकडा, आणि जवळजवळ निम्म्याचा फरक. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हे धरून गाळणीचा वेग काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. मिनिटाला किती मिलीलिटर रक्त गाळून साफ होतं त्याचा हा अंदाज. तरुण माणसात तो शंभरच्या आसपास असतो, म्हणून ढोबळमानाने टक्के समजून वाचलं तरी चालतं. सध्या २०२१ चं सूत्र वापरतात. त्यात अण्णांचे ६१ आणि १.८ घातले की साधारण ४२ येतं.

आता या ४२ ने घाबरू नका, आणि ते कुठे लिहूनही ठेवू नका. हे सूत्र क्रिएटिनिन एका जागी स्थिर असेल तेव्हाच खरं बोलतं. अण्णांचं ते चढतंय की उतरतंय हेच आपल्याला माहीत नाही. काही लॅब रिपोर्टवर ‘स्टेज ३’ असं ठळक छापून मोकळ्या होतात. किडनीचा जुनाट आजार म्हणायचा तर ईजीएफआर निदान तीन महिने ६० च्या खाली राहायला हवा, किंवा लघवीतून प्रथिनं जाण्यासारखी दुसरी खूण तितकाच काळ दिसायला हवी. शिबिरातल्या एका सुईवर स्टेज ठरत नाही.

एक आडवाटेची गोष्ट, परदेशात नातेवाईक असलेल्यांसाठी. माझ्या मावसबहिणीचा दुबईहून रडत फोन आला होता, ‘अगं, माझं क्रिएटिनिन ७१ आलंय!’ तिकडे आणि इंग्लंडात हा आकडा वेगळ्या मापात देतात. ८८.४ ने भागायचं. ७१ म्हणजे ०.८. तिला म्हटलं, जेवून घे.

अण्णांकडे वळू. वारीत नेमकं काय झालं असावं, ते तुम्हाला शेतातल्या भाषेत सांगते. तुम्ही लहानपणी दारं धरली असतीलच. वाफ्यात पाणी उभं राहायचं तर पाटाला पाणी हवं, वरचं दारं पुरेसं उघडं हवं आणि खालून पाणी सपाट्याने निसटून जाता कामा नये. किडनीत अशा बारीक गाळण्या असतात, एकेका किडनीत दहा लाखांच्या घरात. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी आणि रक्त नेणारी एक. या दोन नळ्या सैल-घट्ट होऊन आतला दाब राखतात आणि त्या दाबावर गाळण चालते. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी असं गाळलं जातं. त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत ओढून घेतं.

फलटणच्या जुलाबांनी पाटाचं पाणी आटलं. त्यात अण्णांच्या बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाईड हा भाग लघवी वाढवणारा, तो आटलेल्या पाटातून आणखी उपसत राहिला. अशा वेळी किडनी वरचं दारं आणखी उघडून निभावून नेते, पण दुखण्याच्या गोळीने नेमकी तीच सोय बंद केली. ज्या रसायनाने वरची नळी सैल होते, ते तयार होणंच डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या जातीच्या गोळ्या थांबवतात. खालची नळी आवळून दाब धरावा म्हटलं तर टेल्मिसार्टन ती सैल ठेवतं. एरवी टेल्मिसार्टनचा हाच गुण किडनीला वर्षानुवर्षं जपतो, त्या दोन दिवसांत मात्र तो अंगाशी आला. वरून येईना, खाली थांबेना, पाटात पाणी नाही. वाफा कोरडा. डॉक्टर मंडळी या तिकडीला ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात, तिहेरी तडाखा. अण्णांनी तर चौथा, उन्हातल्या चालण्याचा, वरून घातला.

यात अण्णांचा दोष नाही, आणि गोळी देणाऱ्या वारकऱ्याचाही मला धरवत नाही. सोबतच्या म्हाताऱ्याचे गुडघे सुजले म्हणून आपल्यातली गोळी काढून दिली, आणखी काय करायचं त्याने? ती गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये चॉकलेटसारखी मिळते, माझा राग त्यावर आहे.

माझा हा अंदाज खरा की खोटा, हे कळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग तुमच्या घरातच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं म्हणता. त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या असतील, आणि बीपीच्या माणसाचं क्रिएटिनिन त्यात बहुतेक असतंच. ती फाइल कपाटावर, ट्रंकेत, नाहीतर दारामागच्या खिळ्याला लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल. काढायला सांगा. त्यात १.१ किंवा १.२ असेल तर आत्ताचं १.८ हे ताजं दुखणं, आणि ते उतरेल अशी मला बऱ्यापैकी आशा आहे. तेव्हाच १.५-१.६ असेल तर किडनी आधीपासून कमी पडत होती, वारीने नुसता धक्का दिला. मग बोलणं वेगळं होईल. माझ्याकडे येणाऱ्यांना मी नेहमी सांगते, नवी महागडी तपासणी नंतर करू, आधी जुनी पिशवी आणा.

आणि ‘१.२ चं १.८ म्हणजे किती, ०.६ च तर वाढलं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथे गणित सरळ चालत नाही. अण्णांच्या वयाला क्रिएटिनिन १ असेल तर गाळण ८६ च्या घरात, २ असेल तर ३७. एकाचे दोन होताना निम्म्याहून जास्त गेली. पुढे ४ चे ५ होताना मात्र १६ वरून १२, एवढीच उतरते. माणसं ४ चे ५ झाले की हंबरडा फोडतात, आणि १ चं दीड होतं तेव्हा रिपोर्ट घडी घालून ठेवून देतात. किडनी वाचवायची वेळ त्या पहिल्या घडीची असते.

आता काय करायचं. रविवारची वाट बघू नका, दोन दिवसांत अण्णांना चांगल्या एमडी फिजिशियनकडे न्या. घरी बीपीचं यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळचं बीपी लिहून न्या. शिबिराचा कागद, जुनी फाइल, चालू गोळ्या आणि ती दुखण्याची पट्टी सोबत. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. ती काही दिवस थांबवायची की नुसता लघवी वाढवणारा भाग काढायचा, हे ते बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम पाहून ठरवतील. क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम पुन्हा करतीलच. हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीएवनसी आठवणीने करून घ्या, ‘बॉर्डरवर’ हा शब्द दोन वर्षं शिळा झालाय. गोळी बंद केल्यावर आठवड्याभराने क्रिएटिनिन पुन्हा करा, आणि ते त्याच लॅबमध्ये. पद्धत बदलली की लॅबगणिक थोडा फरक पडतो, मग १.८ चं १.७ झालं म्हणून पेढे वाटायचे की लॅब बदलली म्हणून गप्प बसायचं, हे कळत नाही.

एवढ्यावर बरेच जण थांबतात. लघवीची तपासणी राहून जाते, आणि माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच असतं. रक्तातलं क्रिएटिनिन गाळणीचा वेग सांगतं, गाळणीची जाळी फाटलीय का हे लघवी सांगते. जाळी धड असेल तर अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत जवळपास उतरत नाही. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करतात, लॅबमध्ये नुसतं ‘एसीआर’ म्हटलं तरी कळतं. ३० च्या आत असेल तर उत्तम. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालीय. ३०० च्या वर असेल तर किडनीच्या डॉक्टरला, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टला दाखवणं आलंच. ताप असताना किंवा खूप श्रमाच्या कामानंतर ही तपासणी करू नका, तेव्हा तात्पुरती गळती दिसू शकते. अण्णांना हेही विचारा की लघवीला फेस येऊन तो बराच वेळ टिकतो का. आणखी एक विचारा, जे बाप मुलाला आपणहून सांगणार नाही : धार बारीक झालीय का, रात्री तीन-तीनदा उठावं लागतं का? साठीच्या पुढे प्रोस्टेट वाढून लघवी तुंबते आणि मागे दाब येऊन क्रिएटिनिन चढतं. सोनोग्राफीत हे दिसतं, मुतखडा अडकलेला असला तर तोही. किडनीचा आकार लहान होऊन ती सुकल्यासारखी दिसली तर दुखणं जुनं. नेहमीच्या आकाराची असेल तर मला बरं वाटेल. मधुमेहात मात्र किडनी बिघडूनही आकार टिकतो, म्हणून एकट्या सोनोग्राफीवर निर्धास्त व्हायचं नाही.

एवढं सगळं होईपर्यंत लघवी एकदम कमी झाली, पाय किंवा तोंड सुजलं, आडवं झाल्यावर दम लागला, उलट्या किंवा उचक्या थांबेनात, माणूस गुंगीत जायला लागला, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट वगैरे बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा. ‘मला काही होत नाहीये’ हा अण्णांचा दाखला मात्र मी धरत नाही. गाळण निम्म्यावर आली तरी बहुतेकांना काहीच होत नसतं.

आता आईची डाळ. ती उद्यापासून पुन्हा शिजू द्या. किडनी कमी पडत असेल तर प्रथिनं बेताने खायची हे खरं, पण बेत म्हणजे दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅम. अण्णा ६० किलोचे धरले तर ४८ ग्रॅम. दिवसाच्या चार भाकरीत साधारण २५ ग्रॅम, दोन वाट्या आमटी-उसळीत बारा-तेरा, पेलाभर दुधात सहा-सात. आपल्याकडच्या माळकरी शेतकऱ्याचं ताट मुळातच त्या बेताचं असतं. त्यातून डाळ काढली तर माणूस झडतो. आणि इथे एक मोठी फसगत आहे. स्नायू झडले की क्रिएटिनिन तयारच कमी होतं आणि रिपोर्टवरचा आकडा खाली येतो. घरचे म्हणतात पथ्य लागू पडलं. किडनी होती तिथेच असते, माणूस मात्र अर्धा झालेला असतो.

तुमच्या ओळखीतल्या पावडरवाल्याचं ०.९ मला याच वाटेने येताना दिसतं. पावडरीसोबत तो ‘मीठ बंद, डाळ बंद, एक वेळ फळं’ असंही काही सांगतो का, ते विचारून बघा. मी आयुर्वेदाविरुद्ध बोलत नाहीये, माझ्या ओळखीचे वैद्य अशी बिनलेबलची पुडी पाहून माझ्याआधी भडकतात. डब्यावर घटक नाहीत, बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, अशी वस्तू किडनी आधीच दुखावलेल्या माणसाने खाऊ नये. अशा पुड्यांत पारा, शिसं सापडतं, कधी चक्क दुखण्याची गोळीच कुटून घातलेली असते. वनस्पती आहे, म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायला म्हणून चिनी जडीबुटीच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी बायकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. त्यात अरिस्टोलोकिया नावाची वेल निघाली. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसंद म्हणतात, ती तिचीच बहीण. साडेतीन हजारांत तुमच्या सगळ्या तपासण्या होऊन एसटीचं भाडं उरेल.

पाच लिटर पाण्याचं चुलत्यांना प्रेमाने सांगा की किडनी म्हणजे मोरी नव्हे, बादली ओतली की साफ होईल अशी. तहान लागेल तसं, दिवसाला दोन-अडीच लिटर, शेतात घाम गाळला त्या दिवशी जास्त. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं होतं तेव्हा ते भरून काढायला हवं होतं. आता मंदावलेल्या किडनीवर पाच लिटर रोज ओतले तर रक्तातलं सोडियम उतरेल, नाहीतर अंगावर सूज येईल. सूज आलीच तर पाणी किती हे डॉक्टर मोजून देतील.

मिठाचं मात्र मनावर घ्या. दिवसाला सगळं मिळून चमचाभर, पाच ग्रॅम. ठेचा, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यातलं मीठ त्यातच धरायचं. सैंधव खाल्लं म्हणून सुटका नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ म्हणून दुकानात मिळणारं मीठ तर अजिबात आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनी मंद असताना, त्यात टेल्मिसार्टन चालू असताना, पोटॅशियम साठलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. पोटॅशियमचा रिपोर्ट हाती येईपर्यंत रोजचं शहाळंही थांबवा. कुणी कोकणातून स्टारफ्रूट, म्हणजे करमळं, किंवा बिलिंबी आणून दिली तर अण्णांनी ती खाऊ नयेत आणि रस तर मुळीच पिऊ नये. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं, बिलिंबीचा रस पिऊन केरळात धट्ट्याकट्ट्या माणसांच्या किडन्या बंद पडल्याची नोंद आहे.

डायलिसिसचा हिशेब करून देणाऱ्याला धन्यवाद द्या आणि कागद परत करा. अमुक क्रिएटिनिनला डायलिसिस, असा नियम नसतो. गाळण बहुधा दहाच्याही खाली गेल्यावर, उलट्या, सूज, दम, न आवरणारं पोटॅशियम अशा त्रासांवरून ते ठरतं. लवकर सुरू केलं म्हणून माणूस जास्त जगत नाही, हे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका अभ्यासात २०१० सालीच दिसून आलं. ताज्या माराने किडनी एकदम बंद पडली तर चार-दोन वेळा तात्पुरतं डायलिसिस करून ते सुटूही शकतं. आणि अगदी वेळ आलीच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. पण अण्णा आज त्या रस्त्यावर आहेत असं तुमच्या पत्रावरून मला दिसत नाही.

समजा गोळी बंद करून, पाणी-बीपी जागेवर येऊन, तीन महिन्यांनीही गाळण साठच्या खालीच राहिली, किंवा लघवीतून अल्ब्युमिन जात राहिलं. तरी हातात बरंच असतं. बीपी १३०/८० च्या आत, शुगर ताब्यात, आणि औषधं. टेल्मिसार्टन तेव्हा पुन्हा कामाला येतं, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मूळची मधुमेहाची गोळीही किडनीचा उतार मंदावते, मधुमेह नसला तरी. ही औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर रिपोर्ट बघून तुम्ही घाबरून ती बंद कराल आणि मला पुन्हा पत्र लिहाल.

गुडघ्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अण्णा विचारतील. दुखलं तर साधी पॅरासिटॅमॉल, तीही नुसती. नावात पॅरा दिसलं तरी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक जोडलेलं नाही ना, हे मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या. शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, संडासात कमोडची खुर्ची. मांडी घालून बसायचं कमी करायचं, भजनात थोडं उंच पाटावर बसलं तर पांडुरंग रागावणार नाही.

आणि पुढच्या वर्षीची वारी. आकडे स्थिरावले तर मी जायला मनाई करणार नाही. निघायच्या महिनाभर आधी एकदा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं. ओआरएसची पाकिटं पिशवीत. जुलाब-उलट्या लागल्या तर ते थांबेपर्यंत बीपीची ती गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यायचं. पालखीच्या वाटेवर सरकारी आरोग्य पथकं असतात, त्यांना तो कागद दाखवायचा. त्यावर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘दुखण्याची गोळी देऊ नये’ एवढं मराठीत लिहा, म्हणजे दिंडीतलं कुणीही वाचू शकेल.

ती दुखण्याची पट्टी अण्णांच्या वारीच्या पिशवीत टाळ आणि बुक्क्याच्या पुडीखाली अजून असणार. आईला ती शोधायला सांगा, मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या आणि जुन्या रिपोर्टसोबत मला पाठवा.